लेकरू हट्टी नाही, शिकलेलं आहे: वागणं वाचायची आणि बदलायची रीत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला रडारड ठरलेली. पाच वर्षांची धाकटी लेक ताटावर बसली की मोबाईल मागायची. नाही म्हटलं की आधी कुरकुर, मग भोकाड, मग फरशीवर लोळण. मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवतो. दिवसा वर्गात जे फळ्यावर लिहायचं, तेच रात्री घरी नेमकं उलटं करायचं, असं चार महिने चाललं होतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "लई हट्टी हाय बघा लेकरू, बापावर गेलंय." आणि मलाही ते पटायला लागलं होतं.

या शब्दाची गंमत अशी की तो एकदा वापरला की करण्यासारखं काही उरतच नाही. का रडते? हट्टी आहे म्हणून. हट्टी कशावरून? रडते म्हणून. घाण्याचा बैल जसा फिरून तिथंच, तसंच हे. 'ढ', 'आळशी', 'घाबरट' हे सगळे याच जातीचे शब्द. ते कारण सांगत नाहीत, वागण्यालाच दुसरं नाव देतात.

मानसशास्त्र शिकण्याची व्याख्या साधी करतं: अनुभवामुळं वागण्यात झालेला बऱ्यापैकी टिकाऊ बदल. मिसरूड फुटणं हे शिकणं नव्हे, ती वाढ. तापात सुस्तावणं हेही शिकणं नव्हे, कारण ते तापाबरोबर जातं. पण या व्याख्येत चांगलं-वाईट असा भेद कुठं नाही, हे लक्षात घ्या. पाढे पाठ होणं जसं शिकणं, तसं मोबाईलसाठी लोळणं हेही शिकणंच. आमची धाकटी हट्टी नव्हती, हुशार विद्यार्थिनी होती. मास्तर मी होतो.

पहिली पायरी: आठ दिवस नुसती वही

काही बदलायच्या आधी एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा: आधी, वागणं, नंतर. आठ दिवस काही सुधारायला जाऊ नका, फक्त लिहा. नियम एकच, डोळ्याला दिसतं आणि कानाला ऐकू येतं तेवढंच लिहायचं. 'चिडली' लिहू नका, 'ताट ढकललं' लिहा. 'मुद्दाम केलं' लिहू नका, मुद्दाम आहे की नाही ते तुम्हाला दिसत नाही. वेळ मात्र लिहा, आणि किती मिनिटं चाललं तेही.

माझ्या वहीतली चार दिवसांची नोंद अशी होती:

सोमवार. आधी: ताट वाढलं, मी फोनवर बोलत होतो. वागणं: "मोबाईल दे" चार वेळा, मग रडणं, तीन मिनिटं. नंतर: फोन संपवला आणि तिच्या हातात दिला.

मंगळवार. आधी: ताट वाढलं, पाहुणे बसलेले. वागणं: रडणं, लोळण, सहा मिनिटं. नंतर: चारचौघांत तमाशा नको म्हणून दिला.

बुधवार. आधी: ताट वाढलं. वागणं: रडणं, दहा मिनिटं. नंतर: नाही दिला. मग तिच्या आईनं दिला.

गुरुवार. आधी: आईनं गोष्ट सांगत घास भरवायला घेतला. वागणं: मोबाईल एकदा मागितला. नंतर: गोष्ट चालूच राहिली. जेवली.

तीन दिवसांत तीन मिनिटांचं रडणं दहावर गेलं होतं आणि प्रत्येक वेळी शेवटी मोबाईल मिळाला होता. गुरुवारी 'आधी'चा रकाना बदलला तर रडणंच आलं नाही. वहीशिवाय मला हे दिसलं नसतं. मी वर्षानुवर्षं फक्त मधलाच रकाना बघत होतो.

नंतरचा रकाना: मांजर, उंदीर आणि आपण

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली भुकेलेली मांजरं फळ्यांच्या पेटीत कोंडली आणि खाणं बाहेर ठेवलं. मांजर ओरबाडायचं, चावायचं, अंग घासायचं आणि कधीतरी चुकून खिटीला धक्का लागून दार उघडायचं. पुन्हा कोंडलं की थोडा कमी वेळ लागायचा, पुन्हा आणखी कमी. मांजराला एकदम काही उमगलं असं दिसलं नाही. ज्या हालचालीमागून सुख आलं ती पक्की झाली, बाकीच्या गळून गेल्या. याला त्यानं परिणामाचा नियम म्हटलं. पुढं बी. एफ. स्किनरनं उंदीर आणि कबुतरांवर काम करून यावर अख्खं शास्त्र उभं केलं. त्याचं पहिलं मोठं पुस्तक १९३८ चं. परिणामांवरून होणाऱ्या या शिकण्याला मराठी पुस्तकांत साधक अभिसंधान म्हणतात.

वागणं वाढवतं ते प्रबलन, कमी करतं ती शिक्षा. काही दिलं तर धन, काही काढून घेतलं तर ऋण. इथं माझे निम्मे विद्यार्थी दरवर्षी आपटतात, कारण 'ऋण प्रबलन' ऐकलं की त्यांना छडी आठवते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नाही. नकोसं काहीतरी थांबतं आणि त्यामुळं वागणं वाढतं, ते ऋण प्रबलन. गाडीत पट्टा लावला की टीं-टीं थांबते, म्हणून आपण पट्टा लावायला शिकतो.

आता माझ्या घरातलं चित्र पुन्हा बघा. रडल्यावर मोबाईल मिळाला, हे तिच्या बाजूनं धन प्रबलन. मोबाईल दिल्यावर रडणं थांबलं, हे माझ्या बाजूनं ऋण प्रबलन. म्हणजे ती रडायला शिकत होती आणि मी द्यायला शिकत होतो. दोघंही एकमेकांना रोज संध्याकाळी बक्षीस देत होतो. अशा गाठी घराघरात असतात आणि एकाच्या वागण्याकडं बघून त्या कधीच सुटत नाहीत. वहीत 'वागणं' या रकान्यात एखादं पान स्वतःचंही लिहा. अवघड जातं, पण लिहा.

आणखी एक: बक्षीस कशाला म्हणायचं ते देणारा ठरवत नाही. वागणं वाढलं तरच ते बक्षीस. ज्या पोराकडं वर्गात कुणी वळूनही बघत नाही, त्याला मास्तरांचं पाच मिनिटं ओरडणं हे लक्षच असतं. ओरडल्यावर खोड्या वाढत असतील तर तुमचं ओरडणं शिक्षा नाही, खाऊ आहे.

गोऱ्हा वखराला लावताना

अवघड गोष्ट टप्प्याटप्प्यानं शिकवण्याला आकारण म्हणतात. पुस्तकात स्किनरची कबुतरं असतात. मला ते निलंग्याकडच्या आमच्या गावी जास्त नीट कळलं. थोरला चुलतभाऊ, आमचे अण्णा, यांनी दोन वर्षांपूर्वी देवणीचा एक गोऱ्हा शिकवला. शाळेत ते सातवीपर्यंतच गेले.

वेसण घातल्यावर पहिले काही दिवस नुसता हात फिरवणं. कान, मान, वशिंड, पाय. मग गोठ्यासमोर रिकामं जू मानेवर पाच-दहा मिनिटं आणि लगेच मूठभर सरकी पेंड. तो जू आल्यावर अंग आक्रसेनासा झाला, तेव्हा शेजारी म्हातारा शिकलेला बैल जुंपला आणि दोघांच्या मागं एक लाकूड ओढायला दिलं, तेही बांधापर्यंत आणि परत. मग नांगरून भुसभुशीत झालेल्या रानात हलका वखर, दोन तासं, म्हणजे रानातल्या दोन ओळी. मग चार. ऊन चढायच्या आत सोडायचं. आधीचा टप्पा अंगवळणी पडल्याशिवाय पुढचा नाही, आणि पुढच्याला बिचकला तर मुकाट एक पायरी खाली.

एके दिवशी गोऱ्हा तासात मधेच बसला. मी म्हणालो, थकलाय, सोडा. अण्णा म्हणाले, "आरं, बसला म्हणून सोडलास तर उद्या जू दिसलं की बसंल. उठव, चार पावलं चालू दे, मंग सोड." शेपूट पिरगळली नाही, पराणी टोचली नाही. शिकलेल्या बैलाला पुढं घेतलं, गोऱ्हा उठला, चार पावलं चालला, आणि तिथंच जू उतरवलं. पेंडही तिथंच. दुसऱ्या दिवशी मात्र अण्णांनी दोनच तासं घेतली, कारण बसला याचा अर्थ काम जास्त झालं होतं हेही त्यांनी ओळखलं होतं.

ऋण प्रबलनाचं याहून स्वच्छ उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. बसण्यानं सुटका मिळाली तर बसणं पक्कं होतं, चालण्यानं मिळाली तर चालणं. बैलाला बसायची खोड लागली की बाजारात त्याचं मोल पडतं, म्हणून शेतकरी यात चुकत नाही. लेकराच्या बाबतीत आपण रोज चुकतो, कारण ते विकायचं नसतं.

तेव्हा नवीन काही शिकवायचं असेल, अक्षर सुधारणं म्हणा, स्वतःच्या हातानं जेवणं म्हणा, तर असं करा. शेवटी काय हवं ते एका वाक्यात लिहा. लेकरू आज काय करतं ते लिहा. मधल्या वाटेचे आठ-दहा टप्पे पाडा आणि पहिला टप्पा इतका सोपा ठेवा की हसू यावं. प्रत्येक टप्प्याला शाबासकी लगेच द्या, तीही नेमकी: "शहाणं लेकरू" नव्हे, "ओळ रेघेवर आली बघ". संध्याकाळी दिलेला खाऊ सकाळच्या कामाचं बक्षीस होत नाही, तो संध्याकाळच्या कामाचं होतो. आणि जमतंय तोवर थांबा, कंटाळा येईपर्यंत ताणू नका.

आवडीचं काम नावडत्यामागं बांधणं हाही जुनाच उपाय. आजी सांगायची, "आधी जनावरास्नी पाणी दाव, मंग खेळायला जा." डेव्हिड प्रीमॅक या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्याला हाच नियम प्रयोगांनी मांडला आणि परदेशात त्याला गमतीनं आजीचा नियमच म्हणतात. क्रम मात्र उलटा करून चालत नाही. "आता खेळ, पण नंतर अभ्यास करायचा हं" हा करार आजवर कुठल्या पोरानं पाळलेला मला माहीत नाही.

कधीकधी देणं, सगळ्यांत महागात पडणारं देणं

बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, कधी ते न कळता मिळालं तर वागणं फार चिवट होतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथच काढला. किती प्रयत्नांनंतर मिळेल याचा नेम नसला की प्राणी न थकता प्रयत्न करत राहतो. मटक्याचा आकडा लावणारा असाच अडकतो, आणि पुढची रील चांगली लागेल म्हणून अंगठा सरकवणाराही. केव्हा मिळेल याचा नेम नसला की थोडं वेगळं दिसतं: रात्री मोटारीची लाईट बाराला येईल की तीनला, हे ठाऊक नसलेला शेतकरी दर अर्ध्या तासाला उठून बल्ब बघतो. धडपड नाही, पण सोडवतही नाही.

आता समजेल की "एरवी नाही, फक्त पाहुणे आले की देतो" हे रोज देण्यापेक्षा वाईट का. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की चार दिवसांत कळतं. कधीकधी मिळणारी बंद झाली हे कळायलाच महिना लागतो. तेव्हा नवीन चांगली सवय लावताना सुरुवातीला दर वेळी शाबासकी द्या, ती रुळली की अधूनमधून. आणि मोडायच्या सवयीला एकदाही देऊ नका.

बंद करताना: आधी वाढेल, मग उतरेल

बक्षीस थांबलं की वागणं विझतं, याला विलोपन म्हणतात. पण विझायच्या आधी ते पुष्कळदा भडकतं. दिव्याचं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही तर आपण काय करतो? आणखी चार वेळा, जोरात दाबतो. लेकराचंही तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणं दुप्पट होतं, आईबाप घाबरून देतात, आणि लेकरू शिकतं की मघाच्या आवाजात मिळत नव्हतं, या आवाजात मिळतं. उपायच अंगावर येतो तो असा.

म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी बसवून बोला. मी, बायको आणि माय, तिघांचं एकमत व्हायला तीन संध्याकाळी गेल्या. माय म्हणाली, लेकराला रडवून काय मिळवायलास. तिचंही चूक नव्हतं, म्हणून नुसतं 'द्यायचं नाही' एवढं न ठरवता 'त्याऐवजी काय द्यायचं' हेही ठरवलं. जेवताना मोबाईल कुणाच्याच हातात नाही, माझ्याही. फोन फ्रिजवर. ताट वाढल्याबरोबर गोष्ट सुरू, म्हणजे गुरुवारचा 'आधी'. पहिला घास स्वतःच्या हातानं घेतला की गोष्टीत तिच्या आवडीचं माकड येणार. रडली तर ओरडायचं नाही, समजावायचं नाही, गोष्ट थांबणार. गप्प झाली की त्याच क्षणी पुढं सुरू.

दुसऱ्या दिवशी सतरा मिनिटं रडली. चौथ्या दिवशी पंचवीस, आणि तांब्या उपडा. मी आत जाऊन उगीच पाणी पिऊन आलो. सहाव्या दिवशी चार मिनिटं. दहाव्या दिवशी तिनं विचारलं, "माकड कवा येनार?"

भीती वेगळ्या वाटेनं येते

आतापर्यंतचं सगळं 'नंतर'च्या रकान्याचं होतं. भीती, किळस, जिव्हाळा या गोष्टी बहुतेक 'आधी'च्या रकान्यातून येतात.

इव्हान पावलॉव्ह हा रशियन शरीरशास्त्रज्ञ. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. पण त्याच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते ती अन्न जिभेवर पडायच्या आधीच, आणणारा माणूस दिसला की. मग त्यानं मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक ऐकवून मागून अन्न द्यायला सुरुवात केली. काही खेपांनंतर नुसत्या टिकटिकीवर लाळ. हे अभिजात अभिसंधान.

ज्यांचं गाव उन्हाळ्यात टँकरवर चालतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. हॉर्न ऐकला की छातीत धडधड होते, हे पावलॉव्हचं. घागर उचलून पळणं हे स्किनरचं, कारण पळणाऱ्यालाच पाणी मिळतं. पहिल्या आठवड्यात कुठल्याही टिप्परच्या हॉर्नला माना वर होतात, पुढं टँकरचाच तेवढा ओळखू येतो. आणि नुसतं दोन गोष्टी जवळजवळ घडून भागत नाही. रॉबर्ट रेस्कोर्ला यानं १९६८ साली दाखवलं की खुणेनं काही बातमी दिली पाहिजे. हॉर्न नसतानाही पाणी तितकंच येत असेल तर हॉर्नला कोण विचारतो?

एक अपवाद सांगून पुढं जातो. जॉन गार्सिया यानं १९६६ मध्ये उंदरांवर दाखवलं की पोट बिघडलं तर दोष चवीवर जातो, आवाजावर वा उजेडावर नाही. चव आणि मळमळ यांत काही तास गेले तरी गाठ बसते, तीही एकाच खेपेत. माझ्या मामांनी एका लग्नात बासुंदी खाऊन रात्रभर उलट्या काढल्या, त्याला वीस वर्षं झाली. कारण बहुधा विहिरीचं पाणी असेल. पाणी ते पितात, बासुंदी नाही.

आता शाळेतलं. गल्लीतला सहावीतला एक पोरगा गणिताच्या तासाच्या आधी पोट दुखतं म्हणायचा. खोटं नव्हतं, खरंच दुखायचं. चौथीत त्याच्या मास्तरांनी पाढा चुकला की त्याला उभं करून वर्गाला हसवलं होतं. गणित आणि लाज एकत्र आले आणि आता गणिताची वही उघडली तरी पोटात गोळा. शिवाय पोट दुखलं की घरी पाठवत, म्हणजे सुटका, म्हणजे गोऱ्हा बसला की जू उतरलं. दोन्ही वाटा एकात एक गुंतलेल्या.

यावरची रीत जुनी आणि खात्रीची आहे. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली, मागं लोखंडी दांड्यावर हातोडा मारून. आज कुणी करू देणार नाही असा प्रयोग. पण १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स हिनं उलट करून दाखवलं: सशाला घाबरणारा छोटा पीटर आवडीचं खात असताना ससा दुरून दाखवायचा, रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. तेच घरी असं करता येतं:

भीतीची शिडी पोरालाच विचारून लिहा. याची होती: गणिताचं पुस्तक दप्तरात असणं, ते उघडणं, सोपी बेरीज, पाढा मनात, पाढा मोठ्यानं, वर्गात फळ्यावर. सगळ्यांत खालच्या पायरीवर सुरुवात करा आणि तिथं काहीतरी सुखाचं असू द्या. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसायचो आणि शेंगांचेच ढीग मोजायचो. एका पायरीवर पोटात काही होईनासं झालं की मगच वरची. आणि भीती शिगेला असताना पळू देऊ नका. थोडी उतरू द्या, मग "झालं आजचं" म्हणा. उतरत नसेल तर पायरी मोठी पडली, उद्या लहान करा. या पोराला पाढ्यापर्यंत यायला दिवाळी उजाडली. फळ्यावर तो अजून जात नाही.

विहिरीत पोहायला शिकवताना आपण एका हातानं पाठीला रिकामा डबा बांधतो आणि काही काका मंडळी दुसऱ्या हातानं ढकलून देतात. ढकललेल्यांपैकी काही पोहायला शिकतात आणि काही जन्मभर विहिरीकडं फिरकत नाहीत. आपल्याला फक्त पहिलेच भेटतात, कारण दुसरे विहिरीवर नसतात.

अभ्यास: वाचणं कमी, आठवणं जास्त

हर्मान एबिंगहाऊस यानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की विसरणं पहिल्या काही तासांत सर्वांत वेगानं होतं, मग वेग मंदावतो. त्यामुळं उजळणी कधी, याला 'परीक्षेच्या आदल्या रात्री' हे सर्वांत वाईट उत्तर. धडा झाला त्याच रात्री दहा मिनिटं, मग दुसऱ्या दिवशी, चार-पाच दिवसांनी, पंधरवड्यानं. आकडे अगदी हेच हवेत असं नाही, अंतर वाढत जावं एवढंच.

उजळणी कशी, हे त्याहून महत्त्वाचं. रोएडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानं लिहिणारे पुढं गेले. पुन्हा वाचताना ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असा आपला समज होतो. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते वारंवार सराव परीक्षांवर, आणि शास्त्राच्या बाजूनं त्यातला हा भाग अगदी बरोबर आहे. पण त्याच परीक्षेचे गुण दर रविवारी भिंतीवर लावून खालच्या पोरांना ओळीत उभं केलं की परीक्षा हाच टँकरचा हॉर्न होतो, फक्त पाण्याऐवजी लाज आणणारा. सराव परीक्षा घ्या, गुण ज्याचे त्याला द्या.

कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठणारी पोरं आळशी नसतात बहुतेकदा. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ साली दाखवलं की काही केलं तरी धक्का चुकत नाही असा अनुभव घेतलेली कुत्री, पुढं सुटायची वाट असूनही पडून राहतात, म्हणजे हातपाय गाळायला शिकतात. २०१६ मध्ये याच दोघांनी आपलं म्हणणं मेंदूच्या अभ्यासावरून सुधारलं: हातपाय गाळणं हे शिकावं लागत नाही, ते आपसूक होतं, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्यानं फरक पडतो' हे. मला हा बदल मोलाचा वाटतो. अशा पोराला भाषण देऊ नका. दहातली आठ नक्की येतील अशी गणितं द्या, आणि सुटलं की विचारा, "हे कसं काढलंस?"

मार, बक्षीस आणि तंबाखूची पुडी

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या १७ व्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मार हे कच्चं हत्यार आहे. काय करू नको ते सांगतो, काय कर ते सांगत नाही. मारणारा समोर असेपर्यंत चालतो. आणि मारणारा स्वतःच भीतीची खूण होऊन बसतो. तरी आपण मारतो, कारण मारलं की घर क्षणभर शांत होतं. ती शांतता मारणाऱ्याचं बक्षीस.

बक्षिसालाही धार उलटी असते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ" असं सांगितलं. पुढं मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रं कमी काढायला लागली. अवचित प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. पोरगी आपणहून पुस्तक वाचत असेल तर पानाला दोन रुपये लावू नका.

बघून शिकणं याविषयी अल्बर्ट बांडुराचा १९६१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना बघितलेल्या मुलांनी तसंच बडवलं, शब्दही तेच वापरले. जास्त सांगत नाही. तळहातावर तंबाखू मळत "व्यसन वाईट" म्हणणाऱ्या आणि पुडी आणायला पोरालाच धाडणाऱ्या बापानं कुठला धडा शिकवला, ते पोराला बरोबर कळतं.

वहीनं भागत नाही तेव्हा

लेकरू स्वतःला इजा करत असेल, बोलणं मागं पडलं असेल किंवा आलेलं बोलणं गेलं असेल, झोप-भूक आठवड्यांमागून आठवडे बिघडली असेल, मरणाचं बोलत असेल, तर वही घेऊन बसू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. तुमची वही मात्र सोबत न्या. "कधीपासून, किती वेळा, कशानंतर" हे डॉक्टर आधी विचारतात आणि घाबरलेल्या आईबापाला नेमकं तेच सांगता येत नाही.

विझलेलं पुन्हा पेटतं

सवय एकवीस दिवसांत लागते असं सगळीकडं ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज. एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडत नाही असंही दिसलं. तेव्हा बोटं मोजत बसू नका.

आणि विझलेलं वागणं पूर्ण पुसलं जात नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांतही काही काळ गेल्यावर लाळ पुन्हा दिसायची. याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. आमच्याकडं दिवाळीत ते आपसूक नव्हे, पुन्हा बक्षीस मिळाल्यानं पेटलं. गावी आठ दिवस चुलत भावंडांचे मोबाईल, आणि परत आल्यावर पहिल्याच रात्री फरशीवर लोळण. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी हमी दिली होती. वही काढली, फोन फ्रिजवर ठेवला, माकड परत आणलं. दुसऱ्या खेपेला तीन दिवस पुरले. दुसऱ्यांदा ते लवकर विझतं.

चौथ्या दिवशी मी मायला वही वाचून दाखवली, कारण गावी मोबाईल देणाऱ्यांत तीही होती. तिनं सगळं नीट ऐकलं, बुधवारची नोंदसुद्धा. मग म्हणाली, "तू चुलीपुढं लोळायचास तवा मी काय द्यायचे, ठाव हाय का?"

मी नाही म्हणालो.

"गूळ," म्हणाली. "तुझा बाप घरी असला की नाही द्यायचे. नसला की द्यायचे. तू लई दिवस लोळलास."